तळटीप : डीएनएस चौकशांच्या नोंदी कुठे लिहिल्या जातात?

* मूळ मजकुरातील ‘लिस्टक्वेरीलॉगिंगकॉन्फिग्ज’ ही अ‍ॅमेझॉनच्या ‘रूट ५३’ या डीएनएस सेवेला एपीआयमार्फत केलेली विचारणा आहे. उत्तरात प्रत्यक्ष नोंदी येत नाहीत. कोणत्या होस्टेड झोनच्या (एका डोमेनच्या डीएनएस माहितीच्या संचाच्या) चौकशा कोणत्या लॉग ग्रुपमध्ये (नोंदींच्या साठ्यात) लिहिल्या जातात, एवढेच कळते. झोनचा आयडी दिला नाही, तर विचारणा करणाऱ्या खात्यातली सगळी यादी मिळते. ती लांबली, तर पुढच्या पानासाठी आलेले ‘नेक्स्टटोकन’ परत पाठवायचे.

शहाड स्थानकात लोकलची वाट पाहताना कुणी मोबाइलवर संकेतस्थळ उघडले, तरी दर वेळी नोंद होतेच असे नाही. इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे उत्तर आधीच साठवलेले असले, तर चौकशी रूट ५३ पर्यंत जातच नाही. त्यामुळे या नोंदी मोजून वाचकसंख्या काढणे चुकीचे.

अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील क्लाउड केंद्र २०१६ पासून सुरू आहे. पण सार्वजनिक झोनच्या या नोंदींसाठी लॉग ग्रुप उत्तर व्हर्जिनियातच लागतो. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. पण वरच्या विचारणेतून मिळालेल्या यादीत झोन नसेल, तर त्याच्या चौकशा लॉग ग्रुपमध्ये नोंदल्याच जात नाहीत. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी ही यादी आजच तपासावी.