मुंबईच्या पेल्यांतील कॉफी

मुंबईच्या मराठी घरांत ‘कॉफी’ म्हटली म्हणजे दुधांत साखर आणि पूड एकत्र उकळून, वर जायफळ उगाळून केलेलें दाट, गोड पेय, असाच अर्थ कित्येक वर्षें होत आला. चहा रोजचा, कॉफी पाहुण्याची. चहा सकाळचा, कॉफी उपासाची किंवा रात्रीच्या गप्पांची, अशी वांटणी गृहिणींनीं न बोलतां ठरवून टाकिली होती. कॉफीनें झोंप उडते आणि जायफळानें ती येते अशी समजूत असल्यामुळें, एकाच पेल्यांत दोहोंचा समेट घडविणारी ही युक्ति मोठी गमतीची खरी. या पेयांत दूध कोणाकडचें, साखर किती, याची चौकशी होई. परंतु मूळ दाणा कोणता, तो कोठें पिकला, हें विचारण्याची चाल नव्हती. ज्याच्या नांवानें पेय ओळखावयाचें तो दाणाच असा दृष्टीआड कसा झाला, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे, आणि त्यांतील एक प्रकरण खुद्द गोरेगांवांत घडलें आहे.

आपल्या देशांत कॉफीचें पिणें आधीं आलें, पीक मागाहून आलें. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीर बादशहाच्या दरबारीं असतां त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नांवाचा पाद्री होता. त्याचें प्रवासवर्णन १६५५ सालीं छापून निघालें. धर्मनिष्ठ लोक मद्य वर्ज्य करून एका काळ्या बीचा काढा पितात आणि तो चवीला फारसा बरा नसला तरी प्रकृतीस हितकर असतो, असें त्यानें नमूद केलें आहे. येमेनांतील मोखा बंदराशीं सुरतेचा व पश्चिम किनाऱ्याचा व्यापार चाले, त्याच मार्गानें हे दाणे येत. अरबी ‘बुन्न’ शब्दावरून आलेला ‘बुंद’ हा शब्द या किनाऱ्यावरील व्यापारांत कॉफीच्या दाण्यास रूढ होता.

झाड आलें तें परंपरेप्रमाणें बाबा बुदन या साधुपुरुषाबरोबर. सतराव्या शतकांत मक्केची यात्रा करून परततांना त्यांनीं मोखाहून सात बिया लपवून आणिल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लाविल्या, असें सांगतात. सात या आंकड्यावर फार भार देऊं नये, कारण दंतकथेला तो नेहमींच प्रिय असतो. तथापि त्या डोंगरास बाबाबुदनगिरी हें नांव आहे आणि त्याच्या आसपास कॉफी पिकते, एवढें निर्विवाद. महाराष्ट्रांतहि कॉफी पिकते असें म्हटलें तर पुष्कळ मुंबईकर भुंवया उंचावतील. परंतु अमरावती जिल्ह्यांत, मेळघाटच्या डोंगरांत, सुमारें ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास इंग्रज अमदानींत कॉफीची लागवड झाली आणि ती झाडें आजहि तेथें आहेत. पीक थोडें, म्हणून नांव थोडें.

इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत म्हैसूर, कूर्ग व निलगिरीकडे मोठे मळे उभारले, आणि दाणा शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपास जाऊं लागला. या प्रवासांत एक अनपेक्षित गोष्ट घडे. कित्येक महिने खाऱ्या, दमट हवेंत राहून हिरवा दाणा फुगे, पिंवळा पडे, त्यांतील आंबटपणा मावळे आणि चवीला एक प्रकारचा मऊपणा येई. युरोपांतल्या गिऱ्हाइकांस हीच हिंदी कॉफीची खरी चव वाटूं लागली. पुढें आगबोटी आल्या, १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला, प्रवास आठवड्यांवर आला आणि दाणा हिरवा तो हिरवाच पोहोंचूं लागला. गिऱ्हाईक कुरकुरूं लागलें! तेव्हां किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनीं जें जहाजांत आपोआप होई तें जमिनीवर करावयाचें ठरविलें. पावसाळ्याच्या महिन्यांत मोकळ्या भिंतींच्या वखारींत दाणा पसरावयाचा, वरचेवर हालवावयाचा, पोत्यांत सैल भरून पुनः ओतावयाचा, आणि नैऋत्येचा वारा त्यांतून खेळूं द्यावयाचा. मंगळुरास ही रीत अद्याप चालूं आहे, आणि त्या मालास ‘मान्सून्ड मलबार’ म्हणून जगभर मान आहे. जो वारा गोरेगांवच्या स्वयंपाकघरांत कॉफीच्या पुडीचा गोळा करून टाकितो, तोच कच्च्या दाण्याची किंमत वाढवितो. भाजून दळलेली पूड मात्र ओलाव्यानें बिघडते. तिला घट्ट झांकणाचा डबाच हवा.

ज्या सालीं सुवेझ उघडलें, त्याच सालीं सिंहलद्वीपांत कॉफीच्या पानांवर तांबेऱ्याचा रोग दिसूं लागला. थोड्याच वर्षांत तेथील मळे उजाड होऊन त्यांच्या जागीं चहा आला. हिंदुस्थानांतील मळेवाल्यांसहि त्याचा तडाखा बसला. यांतूनच दोन जातींचा प्रश्न पुढें आला. अरेबिका ही उंचावर, सांवलींत वाढणारी, नाजुक, सुवासिक आणि रोगाला लौकर बळी पडणारी. रोबस्टा ही खालच्या उष्ण मुलखांतहि तग धरणारी, भरघोस पिकणारी, पण चवीला कडू व राकट. हिच्यांत कॅफीनहि अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. विसाव्या शतकाच्या आरंभापासून रोबस्टाची लागवड आपल्याकडे वाढत गेली. दुसरीकडे, १९२५ सालीं बाळेहोन्नूर येथें निघालेल्या संशोधन केंद्रानें तांबेऱ्यास तोंड देणारी अरेबिका काढण्याचा उद्योग केला, तेथील ‘एस. ७९५’ हा वाण आजहि प्रसिद्ध आहे. बाजारांत ‘प्लँटेशन’ म्हणजे फळाचा गर धुऊन काढलेली अरेबिका आणि ‘चेरी’ म्हणजे फळ सबंध वाळवून मग सोललेला दाणा. एका फळांत दोहोंऐवजीं एकच वाटोळा दाणा धरला तर तो ‘पीबेरी’. चाळणीवर आकार ठरतो, पण आकार म्हणजे चव नव्हे, हें दुकानदार सहसा सांगत नाहीं.

आतां मुंबईंतल्या पुडीकडे वळूं. नेपोलियननें १८०६ सालीं इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हां फ्रान्समध्यें कॉफी महागली आणि लोक चिकोरी नांवाच्या झाडाचें मूळ भाजून, दळून तिच्यांत मिसळूं लागले. गरज सरली तरी संवय राहिली. मुंबईंत पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनीं १८८८ सालीं, अगदीं कोंवळ्या वयांत, कॉफी भाजण्या-दळण्याचें लहानसें दुकान काढलें. त्यांचें लाडकें नांव ‘पॉली’. त्यावरून ‘पोल्सन’ हें साहेबी वळणाचें नांव तयार झालें. पोल्सनची ‘फ्रेंच कॉफी’ म्हणजे कॉफी व चिकोरी यांचें मिश्रण. पुढें पोल्सन म्हटलें म्हणजे लोणी, आणि कोणाची खुशामत करणें म्हणजे ‘पोल्सन लावणें’, इतकें तें नांव बोलण्यांत रुळलें. पण मूळ धंदा कॉफीचा, हें पुष्कळांच्या लक्षांतहि नसतें.

चिकोरी हें विष नव्हे. तिच्यांत कॅफीन मुळींच नाहीं. रंग गडद येतो, काढा दाट दिसतो, आणि दुधांत उकळल्यावर चव टिकते. परंतु ती कॉफीहून स्वस्त असते, आणि गोम तेथेंच आहे. श्रोत्यांनीं घरीं करून पाहावें: थंड पाण्याच्या पेल्यावर चिमूटभर पूड अलगद टाकावी. कॉफीचा कण तेलकट असल्यानें बराच वेळ तरंगतो. चिकोरी झटकन् तळाशीं जाते आणि जातांना तांबूस धार सोडते.

दाण्याची खरी चव मुंबईकरास दाखविण्याचा पहिला मोठा प्रयत्न संकटांतून निघाला. १९२९ नंतरच्या मंदींत जगभर कॉफीचा भाव कोसळला. ब्राझिलनें १९३१ ते १९४४ या काळांत सुमारें ७ कोटि ८० लक्ष पोतीं नष्ट केलीं. हिंदी मळेवाल्यांपुढें पीक जाळण्याऐवजीं तें देशांतच खपविण्याचा मार्ग होता. १९३५ च्या कायद्यानें कॉफीवर कर बसला, आणि त्या पैशांतून नेमलेल्या समितीनें १९३६ सालीं चर्चगेटला पहिलें इंडिया कॉफी हाउस उघडलें. त्याच सुमारास माटुंग्यास वस्ती करून राहिलेल्या दाक्षिणात्य कुटुंबांनीं आपलें पितळी फिल्टर बरोबर आणिलें होतें. वरच्या छिद्रांच्या भांड्यांत पूड दाबावयाची, उकळी शमलेलें पाणी ओतावयाचें, आणि खालीं थेंबथेंब उतरलेला अर्क गरम दुधांत घालावयाचा, ही ती रीत. मराठी घरांतल्या उकळण्याहून ती निश्चित सरस. कारण पूड खळखळां उकळली म्हणजे सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडवटपणा मागें राहतो. मग जायफळाची गरज भासते, यांत नवल नाहीं.

युद्धानें युरोपचा बाजार बंद पडला आणि १९४२ च्या कायद्यानें कॉफी मंडळाची घडी बसली. सर्व मळेवाल्यांनीं आपला माल मंडळाच्या सामाईक सांठ्यांत द्यावयाचा, मंडळानें तो प्रतवारी करून लिलावानें विकावयाचा, आणि पैसे हप्त्याहप्त्यानें चुकते करावयाचे. लहान शेतकरी यामुळें बुडण्यापासून वांचला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्यानें फळ पिकलें तसतसें हातानें वेंचलें त्याचा दाणा, आणि ज्यानें फांदी ओरबाडली त्याचा दाणा, एकाच ढिगांत गेला. मळ्याचें नांव पुसलें गेलें. युद्धकाळापुरती योग्य असलेली ही व्यवस्था पुढें अर्धशतक चालली, हें मात्र फार झालें. मंडळानें १९५० नंतरच्या दशकांत कॉफी हाउसें बंद करावयास घेतलीं, तेव्हां नोकरीस मुकलेल्या कामगारांनीं ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेनें सहकारी संस्था काढून १९५७ पासून तीं स्वतः चालविलीं.

राहिलें दूध. १९४५ सालीं सरकारच्या मुंबई दूध योजनेंत आणंदहून मुंबईस दूध आणण्याचें काम पोल्सनकडे आलें. कॉफीच्या दुकानापासून निघालेला धंदा असा दुधापाशीं पोहोंचला, आणि शेतकऱ्यांच्या त्याविरुद्धच्या असंतोषांतून १९४६ सालीं आणंदची सहकारी दूधसंस्था जन्मली. शहरांतील गलिच्छ तबेले हालविण्याकरितां १९४९ सालीं गोरेगांवास आरे दूध वसाहत वसली. सुमारें १२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे आणि १६००० जनावरांची सोय. त्या योजनेचे सूत्रधार दारा खुरोडी यांनीं म्हशीच्या दाट दुधांत पाणी व दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दूध काढलें, म्हणजे तेवढ्याच दुधांत अधिक मुलांचीं पोटें भरलीं. हेतु थोर होता. पण सहा-सात टक्के स्निग्धतेचें दूध तीन टक्क्यांवर आलें, आणि सायीच्या आड लपलेली पूड आतां जिभेला लागूं लागली! साधीं पूड चालवून घेणारें दाट दूध सरलें, तेव्हां दाण्याची उणीव कळूं लागली.

सामाईक सांठ्याचें बंधन १९९२ पासून सैल होत १९९६ सालीं सुटलें आणि मळेवाला आपला माल आपल्या नांवानें विकूं लागला. आज गोरेगांवच्या दुकानांत मिळणाऱ्या कांहीं पुड्यांवर मळ्याचें नांव, उंची, धुतलेला कीं सबंध वाळविलेला, आणि भाजल्याची तारीख छापलेली असते. शेजारच्याच फळीवर मिश्र पूड असते. कायद्याप्रमाणें तिच्यांत कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, आणि उरलेल्या चिकोरीचें प्रमाण वेष्टणावर छापावें लागतें. तें बहुधा मागच्या बाजूस, बारीक अक्षरांत असतें.