नळीचा व्यास आणि तापीकाठचे पाणी

सुरतेतील एखाद्या बंगल्याच्या अंगणात पोहण्याचा हौद बांधला जातो, तेव्हा त्याच्या पंपाला व फिल्टरला जोडायची नळी किती जाड असावी, हा प्रश्न बहुधा पंपाच्या तोंडाला जी बसेल ती नळी घेऊन मिटवला जातो. पाण्याला ढकलणारा पंप हाताशी असला की व्यासाचा विचार गौण वाटू लागतो. तापीच्या खोऱ्यातील पाणीपुरवठ्याचा इतिहास मात्र याच्या उलट बोध देतो. पंप नसलेल्या काळात वाट किती रुंद ठेवायची याला जे महत्त्व होते, ते पंप आल्यानंतरही कमी झालेले नाही. त्या निर्णयातील चुकीची किंमत पूर्वी पाणी न पोहोचण्यातून दिसत असे, ती आता विजेच्या बिलात दडून राहते, एवढाच फरक पडला आहे.

मुलताईहून निघून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करत सुरतेजवळ समुद्राला मिळणाऱ्या तापीच्या काठी, सुरतेच्या बरेच वर, बुऱ्हाणपूर वसलेले आहे. जहांगीराच्या काळात अब्दुर्रहीम खानखानान याच्या पुढाकाराने तेथे १६१५ च्या सुमारास कुंडी भंडारा ही जलव्यवस्था उभी राहिली आणि तिच्या आखणीचे श्रेय तब्कुतुल अर्ज या इराणी तज्ज्ञाला दिले जाते. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या भुयारांत गोळा करायचे आणि शंभराहून अधिक उभ्या कुंड्यांच्या साखळीतून, निव्वळ उताराच्या बळावर, शहराकडे आणायचे, अशी ही रचना आहे. येथे पाण्याला पुढे नेणारी एकमेव शक्ती म्हणजे उगम आणि मुक्काम यांच्या उंचीतील फरक होय. जलशास्त्रात या फरकाला शीर्ष म्हणतात. वाट अरुंद झाली की पाणी तिच्या भिंतींशी घासते, शीर्षाचा काही भाग त्या घर्षणात खर्ची पडतो आणि या खर्चाला शीर्षहानी असे नाव आहे. शीर्ष वाढवण्याचे साधन हाती नसल्यामुळे ते वाचवणे एवढाच मार्ग उरत होता, म्हणून भुयार माणूस आत शिरू शकेल इतके मोकळे ठेवले गेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात आणलेल्या चुनेगच्ची नळामागेही हेच गणित होते. मोठ्या वाटेने पाणी शहरातील हौदांपर्यंत आणायचे आणि लोकांनी ते हौदावरून भरायचे, अशी ती पद्धत होती.

सुरतेची अडचण वेगळी होती. शहर नदीच्या मुखाजवळ असल्याने भरतीचे खारे पाणी तापीतून आत येई आणि उशाशी मोठी नदी असूनही गोड पाण्यासाठी साठवणीवर भिस्त ठेवावी लागे. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपी या धनाढ्य सरदाराने बांधलेला गोपी तलाव ही त्या गरजेची सर्वांत भव्य खूण होती. सतराव्या शतकात सुरत बंदरात उतरलेल्या युरोपीय प्रवाशांनी त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. पुढे तो कोरडा पडला, आणि एकविसाव्या शतकात महानगरपालिकेने त्याचे पुनरुज्जीवन केले. नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली असली तरी वराछा येथील जलकेंद्र सुरू व्हायला १८९८ साल उजाडले. नदीचे पाणी उचलून शहरभर पसरलेल्या बंद नळांत दाबाखाली सोडायचे म्हणजे शीर्ष यंत्राने निर्माण करायचे, आणि सुरतेच्या पाण्याच्या इतिहासातला हा मोठा पालट होता. पुढे खाऱ्या पाण्याला अटकाव करून गोडे पाणी अडवण्यासाठी १९९५ मध्ये सिंगणपूर येथे बंधारा बांधण्यात आला.

तापीच्या पात्रातील फ्रेंच वेल हे या पुरवठ्याचे एक महत्त्वाचे साधन आहे. ही नदीच्या वाळूत उतरवलेली मोठी उभी विहीर असते आणि तिच्या तळाशी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूबाजूंना सच्छिद्र आडव्या नळ्या सोडलेल्या असतात. एकाच तोंडातून जोराने पाणी ओढले तर वाळू त्याच्याबरोबर आत येते. तेवढेच पाणी अनेक नळ्यांतून संथपणे घेतले तर वाळू जागेवर राहते आणि पाणी गाळून येते. पाणी खेचताना वेग कमी ठेवावा, हा येथे दिसणारा नियम घरगुती हौदालाही तंतोतंत लागू पडतो.

व्यास आणि प्रवाह यांचे नाते आकड्यांत बांधायला मात्र फार काळ लागला. इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्राँटिनसने नळ्यांचे आकार ठरवून देऊन पाण्याचे वाटप केले. पण त्याचा हिशेब मुख्यतः तोंडाच्या क्षेत्रफळावर आधारलेला होता आणि वेगाचे माप त्यात नव्हते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील वाइसबाख आणि फ्रान्समधील दार्सी यांनी घर्षणाचे सूत्र प्रयोगांच्या पायावर उभे केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हेझन व विल्यम्स यांनी ते नळ टाकणाऱ्यांना सोयीचे करून दिले. या सूत्रांचा मथितार्थ असा की व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते, परंतु तेवढ्याच प्रवाहाला होणारी शीर्षहानी जवळजवळ तिसाव्या हिश्शावर येते. नळी जरा जाड घेतल्याने होणारा फायदा डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी मोठा असतो, तो यामुळेच.

नळी कशाची आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असे. बिडाच्या आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या आतून गंजत, त्यांच्यावर क्षारांचे थर बसत आणि वर्षे उलटतील तसा मूळ व्यास आकसत जाई. पीव्हीसी या प्लास्टिकच्या नळ्यांनी ही अडचण बरीच दूर केली. भारतात आयएस ४९८५ हे त्यांचे प्रमाणक १९६८ मध्ये आले, आणि १९८० पासून तापीच्याच खोऱ्यातील जळगावात भवरलाल जैन यांच्या उद्योगाने शेतीसाठी अशा नळ्या तयार करायला सुरुवात केली. या नळ्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यांच्यावर छापलेला ५० किंवा ६३ मिलिमीटर हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. अधिक दाब सोसणारी नळी घेतली की तिची भिंत जाड होते आणि आतली वाट तेवढीच अरुंद होते. दुकानात ज्यांना दीड इंची आणि दोन इंची म्हणतात, त्या साधारणपणे अनुक्रमे या ५० आणि ६३ मिलिमीटरच्या नळ्या होत.

घरगुती हौदाचे गणित आता मांडता येते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा हौदात ४०,००० लिटर पाणी मावते. हौदातील पाण्याइतके पाणी एकदा फिल्टरमधून जाण्यास लागणाऱ्या वेळेला फेरा म्हटले आणि तो सहा तासांचा धरला, तर तासाला सुमारे ६,७०० लिटर पाणी फिरवावे लागते. चाळीस मिलिमीटरच्या नळीची आतली वाट सुमारे ३६ मिलिमीटर भरते आणि तीतून हे पाणी सेकंदाला १.८ मीटर वेगाने धावते. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या शोषनळीसाठी जी कमाल मर्यादा सामान्यतः मानली जाते, ती नेमकी येथेच गाठली जाते. पन्नास मिलिमीटरच्या नळीत वेग १.२ मीटरपेक्षा खाली येतो आणि शीर्षहानी सुमारे एक तृतीयांश उरते. ६३ मिलिमीटरच्या नळीत वेग पाऊण मीटरहून कमी आणि शीर्षहानी पहिल्या नळीच्या नवव्या हिश्शाच्या आसपास येते. नळी वळवण्यासाठी बसवलेला प्रत्येक काटकोनी एल्बो ५० मिलिमीटरच्या मार्गात सव्वा-दीड मीटर सरळ नळीइतके घर्षण वाढवतो, म्हणून वळणे मोजल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

हौदात पाणी परत सोडणारी नळी पंपाच्या दाबाखाली असते, त्यामुळे तिच्यात थोडा अधिक वेग चालून जातो. शोषनळीत मात्र पाणी आत ढकलणारा जोर हवेच्या दाबाचाच असतो आणि तो फार तर सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. ती नळी अरुंद असली की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाण्यात बाष्पाचे बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात, आवाज येतो आणि पंखा झिजतो. याहून गंभीर गोष्ट माणसाच्या जिवाची आहे. तळाचे शोषमुख एकच असेल आणि तेथील ओढ तीव्र असेल, तर पोहणाऱ्याचे केस किंवा शरीर त्याला चिकटून राहू शकते. म्हणूनच एकाच शोषनळीला जोडलेली, एकमेकांपासून दूर बसवलेली दोन मुखे ठेवणे आणि दोहोंवर पक्की जाळी बसवणे अत्यावश्यक मानले जाते.

हौदाच्या नळ्या सिमेंटखाली आणि फरशीखाली गाडल्या जातात. पंप पुढे बदलता येतो, पण नळी बदलायची तर हौद फोडावा लागतो. नळी घेताना वाचलेले थोडे पैसे दररोज सहा-आठ तास चालणाऱ्या पंपाच्या विजेत वर्षानुवर्षे परतफेड करून घेतात. बुऱ्हाणपूरच्या कारागिरांना शीर्ष विकत घेता येत नव्हते, म्हणून त्यांनी वाट मोकळी ठेवली. आज शीर्ष विकत मिळते, आणि ते विकत घ्यावे लागते हेच वाट मोकळी ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण आहे. पंपाची ताकद ठरवण्याआधी प्रवाह ठरवावा, प्रवाहावरून व्यास ठरवावा आणि त्या व्यासाला पुरेल एवढाच पंप निवडावा, हा क्रम पाळला तर नव्या हौदामागेही जुन्या जलव्यवस्थांइतकाच विचार उभा राहील.