मराठेशाहीतील व्यक्तिनामे : अरबी-फारसी घटकांचा विचार

व्यक्तिनाम हे इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन होय. नामाची भाषा एक आणि नामधारकाचा धर्म दुसरा, अशी उदाहरणे मराठेशाहीच्या कागदपत्रांत विपुल आढळतात. नामावरून व्यक्तीचा धर्म वा निष्ठा ठरविण्याचा मोह किती फसवा आहे, हे भोसले घराण्यावरूनच स्पष्ट होते.

अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने मालोजी भोसले यांस दोन पुत्र झाले आणि त्यांची नामे शहाजी व शरीफजी अशी ठेवण्यात आली, असे परमानंदकृत ‘शिवभारत’ सांगते. कृपेचा भाग श्रद्धेचा मानला तरी नामांची जोडी बोलकी आहे. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले. ‘शरीफ’ हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ कुलीन. ‘शाह’ फारसी आहे. त्याचे मूळ प्राचीन इराणी ‘ख्शायथिय’ या शब्दात असून संस्कृत ‘क्षत्र’ शब्दाशी त्याचे धातुगत नाते आहे. परके वाटणारे हे नाम भाषाकुलाच्या दृष्टीने दूरचे आप्तच ठरते. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेत पित्याचा निर्देश ‘शाहसूनोः’ असा येतो. रचनाकारास ‘शाह’चे भाषांतर करण्याची गरज भासली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अन्य नामे बहुधा दरबारी व लष्करी व्यवहारातून आली. दौलतराव, हैबतराव, फत्तेसिंह यांतील पूर्वपदे अरबी, तर राव व सिंह ही उत्तरपदे संस्कृतोद्भव आहेत. अरबीत ‘हैबत’ म्हणजे धाक, दरारा. सर्जेराव या नामातील ‘सर्जा’ हा फारसी ‘शर्झा’. खवळलेल्या सिंहाचे हे विशेषण मराठी शेतकऱ्याने आपल्या बैलास दिले, यावरून शब्द किती खोल रुजला होता ते कळते. फिरंगोजी या नामाचा प्रवास सर्वांत लांबचा. युरोपातील फ्रँक लोकांचे नाम अरबी-फारसीतून ‘फिरंग’ होऊन आले आणि मराठीत ते परदेशी पात्याच्या सरळ तलवारीसही लागले. १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढविणारे फिरंगोजी नरसाळा हे नाम धारण करीत होते.

राज्याभिषेकप्रसंगी, १६७४ मध्ये, पदनामांचे संस्कृतीकरण झाले. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, डबीर सुमंत. महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. व्यक्तिनामांना मात्र या उपक्रमाचा स्पर्श झाला नाही. राजभाषा हा राज्याचा विषय होता, नामकरण कुटुंबाचे होते. हा भेद तत्कालीन समाजास अवघड वाटला नसावा. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या उत्तरकालीन लेखकांनी तो पुरेसा ध्यानी घेतला नाही.

सरनौबत या फारसी पदाचे सेनापती झाले, ते पद हंसाजी मोहिते यांजकडे होते आणि त्यांचा किताब होता हंबीरराव. ‘हंबीर’ हे ‘हम्मीर’चे रूप, आणि ‘हम्मीर’ हे अरबी ‘अमीर’ या शब्दाचे संस्कृत वळण. दिल्लीच्या आरंभीच्या सुलतानांच्या नाण्यांवर नागरी लिपीत ‘श्री हम्मीर’ अशी अक्षरे आढळतात. त्याच सुलतानशाहीशी लढताना १३०१ मध्ये पडलेल्या रणथंभोरच्या चाहमान राजाचे नामही हम्मीर होते.