कंडेल नहर सत्याग्रह आणि लोकस्मृती

भिलाई पोलाद कारखान्यासाठी मरोदा तलावात जे पाणी साठवले जाते, त्यातले काही महानदीच्या कालव्यांतून येते. याच नदीच्या कालव्यावरून १९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावात शेतकरी आणि ब्रिटिश सरकार समोरासमोर आले. छत्तीसगडमध्ये कालव्याला 'नहर' म्हणतात, म्हणून हा 'नहर सत्याग्रह'.

धमतरी तेव्हा मध्य प्रांतातील रायपूर जिल्ह्यात होती आणि प्रांताची राजधानी नागपूर. कालव्यांवरील खर्च भरून काढण्यासाठी पाटबंधारे खात्याला गावांकडून पाणीपट्टीचे दहा वर्षांचे करार हवे होते. कंडेलकरांचा हिशेब साधा होता: एवढ्या पैशात गावाचा स्वतःचा तलाव बांधून होईल. तलावांवर धान पिकवणाऱ्या मुलखात हे कुणालाही पटण्यासारखे होते. त्यांनी करार नाकारला.

मग पावसाळ्यात कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून गावावर चार हजार रुपयांहून अधिक दंड बसवण्यात आला. (शेते तुडुंब भरलेली असताना पाणी चोरायचे कशाला?) म्हणजे काटेकोरपणे पाहता वसुली कराची नव्हे, दंडाची होती, पण भांडण पाणीपट्टीचेच होते.

पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांच्या नेतृत्वाखाली गावाने दंड भरण्यास नकार दिला. सरकारने जनावरे जप्त करून आसपासच्या बाजारांत लिलावाला काढली. बोली लावायला कुणीच पुढे आले नाही. दाणावैरणीवाचून जनावरे खंगत होती, ती स्वस्तात मिळाली असती, तरीही नाही. माझ्या मते सत्याग्रहाचे खरे बळ इथे दिसते. नकार एका गावाचा होता, पण तो टिकवला शेजारच्या गावांनी. १९२८ मध्ये बारडोलीतही जप्तीला असाच बहिष्कार आडवा आला.

सुंदरलाल शर्मा गांधीजींना आणण्यासाठी कलकत्त्याला गेले. परंपरेने सांगितले जाते की डिसेंबर १९२० मध्ये, नागपूर काँग्रेस अधिवेशनापूर्वी, गांधीजी रायपूर-धमतरीला आले. पण ते येण्याआधीच सरकारने दंड मागे घेऊन जनावरे सोडली होती. त्यांच्या येण्याच्या वार्तेचा सरकारवर दबाव पडला, हे खरे. लोकस्मृतीत मात्र हा क्रम उलटतो: गांधीजी आले आणि दंड गेला. १९३३ च्या हरिजन दौऱ्यात ते पुन्हा या भागात आले, त्यामुळे ही आठवण आणखी पक्की झाली. माडमसिल्ली धरणाला आता बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांचे नाव आहे. बोली न लावणारे बाजारकरी या आठवणीत फारसे भेटत नाहीत.