अठरा रविवार

नागपुरात रहाटे कॉलनीच्या मेट्रो स्टेशनवर उतरून चालत निघालं की मध्यवर्ती कारागृहाची भिंत सुरू होते. गेली अकरा वर्षं रविवारी सकाळी मी तिथल्या दिंडी दरवाजातून वाकून आत जाते. फोन, पर्स, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, सगळं बाहेर ठेवायचं. वहीत नाव, वेळ, सही. मग शिपायासमोर पेनं मोजायची. बारा नेली तर बाराच परत यायला हवीत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी बंद्यांना लिहायला-वाचायला शिकवते. पेनांचा हिशोब आजवर एकदाही चुकला नाही. दिलेल्या शब्दाचा एकदा चुकला, त्याचं पुढे सांगते.

१८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली आणि १८६४ साली हे कारागृह सुरू झालं. बाहेरच्या माणसाने आत कसं वागावं हे ठरलं १८९४ च्या तुरुंग कायद्यात. त्याचं ४२ वं कलम मला जवळजवळ पाठ आहे. नियमाविरुद्ध कुठलीही वस्तू आत नेली, बाहेर आणली, किंवा कैद्याशी नियम मोडून संपर्क केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्यात होतं. त्या काळचे दोनशे रुपये म्हणजे काय, याचा विचार करा. पण त्याच कायद्यात, ज्यांचे नियम सरकारने करायचे त्या विषयांच्या यादीत, तुरुंगाला भेट देणाऱ्यांची नेमणूक आणि त्यांना मार्गदर्शन हाही विषय होता. दार बंद ठेवतानाच फट ठेवली होती. पुढे १९१९-२० साली अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या समितीने माणूस सुधारणं हा तुरुंगाचा हेतू मानला, तेव्हा शिकवणाऱ्यांना आणि सुटलेल्यांना मदत करणाऱ्यांना थोडी जागा झाली.

नागपुरात मात्र तुरुंग आणि गाव यांच्यातला पडदा खरा फाटला तो १९२३ साली, झेंडा सत्याग्रहात. तिरंगा घेऊन निघालेल्या तुकड्या रोज पकडल्या जात होत्या. हजारावर माणसं आत गेली, जमनालाल बजाज गेले, विनोबा गेले. विनोबांना पुढे अकोल्याच्या तुरुंगात हलवलं. तुरुंग म्हणजे चोर-दरोडेखोरांची जागा असं मानणाऱ्या घरांतली पोरं तिथे राहून आली.

मला हे काम शिकवणाऱ्या एका सर्वोदयी काकांचं सगळं वागणं विनोबांवरून आलेलं होतं. आमच्या कारागृहासमोरचा रस्ताच विनोबांच्या आश्रमाच्या पवनारवरून वर्ध्याला जातो. पण काका बोलायचे ते धुळ्याच्या तुरुंगाबद्दल. १९३२ साली विनोबा तिथे कैदी होते आणि दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट, सानेगुरुजी लिहून घेत. कॅलेंडर घेऊन मोजा: बरोबर अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही रविवार रिकामा गेला नाही. काका म्हणायचे, "गीता बाजूला ठेव, आधी रविवार पाळायला शीक." गुन्हा काय केला हे विचारायचं नाही, जमानतीबद्दल आशा दाखवायची नाही, कुणाच्या घरचा निरोप घ्यायचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण पहिलं वाक्य हेच.

ते मला कळायला एक माणूस खर्ची पडला. सुरुवातीच्या वर्षांत मी विदर्भातल्या दुसऱ्या एका लहान तुरुंगातही जात असे. तिथे साठीचे एक आजोबा माझ्याकडे शिकायला बसत. पाटीवर 'र' गिरवायला त्यांना चार रविवार लागले. बोटं जाड, नांगर धरलेली. पेन्सिल तीनदा तुटली. नातीचं नाव लिहून तिला पत्र पाठवायचं होतं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी बाराखडीचं चित्रांचं पुस्तक आणते." मग अमरावतीला भाच्याचं लग्न निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे होते. तिसऱ्या रविवारी परवानगी काढून पुस्तक घेऊन गेले, तर आजोबांची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली होती. त्यांच्या बराकीतला एक जण म्हणाला, "ताई, दोन आइतवार पाटी घेऊन बसून राहिले होते ते. म्हणे, येऊन राहिल्या असतील."

त्या माणसाचं सगळं दुसऱ्याच्या हातात होतं. जेवायची वेळ, झोपायची वेळ, मुलाकात, तारीख. स्वतःचं म्हणून त्याच्याकडे फक्त एक वाट पाहणं होतं, आणि ते मी फुकट घालवलं. पुस्तक आत नेताना झडती झाली. शब्द आत नेताना कुणी झडती घेत नाही, म्हणून ती आपण घ्यायची. हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला सांगते. तो भजी-जिलेबीचा बेत ठरवून आलेला असतो, फोटो काढायला मिळेल का विचारतो. चांगल्या मनाची पोरं असतात, पण वर्षातून एकदा येऊन "आम्ही तुमचेच आहोत" म्हणून जाणं मला खपत नाही.

आतल्यांना काय हवं ते आधी विचारायला हवं. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात एलिझाबेथ फ्राय या समाजसेविका १८१३ साली गेल्या. १८१७ साली त्यांनी कैदी बायकांसाठी मंडळ काढलं तेव्हा नियम बायकांना वाचून दाखवले आणि त्यावर त्यांची संमती घेतली. आत गेलेल्या बाईने आतल्या बायकांना विचारलं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्याकडे तसं विचारायला सुरुवात केली तेव्हा पहिलंच उत्तर मिळालं, "मॅडम, येणार नसाल तर आधी सांगा."

आता मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पुढच्या महिन्यातले रविवार लिहिते. ज्या रविवारी येणार नाही त्यावर काट मारते, शेजारी कारण. या वेळी लिहिलं आहे: 'डोळ्याचं ऑपरेशन, दोन रविवार नाही.' फळा पुसणाऱ्या मुलाला सांगून ठेवलंय, तेवढा कोपरा पुसायचा नाही.