दाखला काढण्याआधी

जून तोंडावर आला की मोडनिंबात एकच सल्ला चहूकडून मिळतो: "पोरगं आठवीला गेलं, आता गावात ठिवून काय करता? बाहेर टाका." कुठे टाकायचे ते ऐपतीवर ठरते. पंढरपूर, बार्शी, अकलूज, सोलापूर आणि उसाने साथ दिली असेल तर पुणे. सल्ला देणाऱ्यांत शिक्षकही असतात, आणि त्यांची स्वतःची मुले बहुधा आधीच बाहेर गेलेली असतात.

हे मत उथळ नाही. त्यामागे मोठी परंपरा आहे. गोपाळ कृष्ण गोखले कागलहून कोल्हापूरला गेले, बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले आणि ते एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले, धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. गाव सोडल्याशिवाय शिक्षण नाही, असा धडा या चरित्रांतून दोन पिढ्यांनी घेतला.

पण गोखले-कर्व्यांनी शाळा बदलली असे म्हणणे चुकीचे आहे. बदलायला आधी शाळा असावी लागते. त्यांच्या गावात पुढचा वर्गच नव्हता. आंबेडकरांचे तर सारे कुटुंबच हलले होते. राजर्षी शाहूंनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले त्याचे एक कारणही हेच होते. हायस्कूल शहरात, मूल खेड्यात, आणि मध्ये राहण्या-जेवणाची सोय नाही. बोर्डिंग हे अंतरावरचे उत्तर होते. गावची शाळा वाईट असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांचा प्रवास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था, 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह, 1940 मध्ये तिथेच महाराजा सयाजीराव हायस्कूल, आणि पुढे खेडोपाडी माध्यमिक शाळा. म्हणजे आधी मूल शाळेकडे नेले आणि मग शाळा मुलाकडे आणली. आपण या वाटेचा पहिला टप्पा आदर्श म्हणून धरून बसलो आणि दुसरा विसरलो. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरच्या, कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेमार्गावरच्या मोडनिंबात आज दहावीपर्यंत शिकायची सोय असताना "बाहेर टाका" या सल्ल्याला शाहू-कर्मवीरांची साक्ष काढता येत नाही.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते: शाळा आहे हो, पण निकाल बघा. निकाल जरूर बघावा, फक्त तो कोणाचा आहे हेही बघावे. प्रवेशाला चाचणी घेऊन मुले निवडणारी, नववीत कच्च्या मुलाच्या बापाला बोलावून "सतरा नंबरचा फॉर्म भरा", म्हणजे दहावीला बाहेरून बसवा, असे सुचवणारी शाळा शंभर टक्के निकाल लावते, यात शाळेने शिकवले किती आणि चाळले किती? आपले मूल तिथे गेल्यावर किती वाढले, हे निकालाच्या फलकावरून कळत नाही.

हा फरक मोजायचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे. एरिक हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या शाळाबदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच शालेय जिल्ह्यात शाळा बदलणाऱ्यांना अधिक चांगली शाळा मिळाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. शालेय जिल्हाच बदलणाऱ्यांना सरासरीने थोडी बरी शाळा मिळाली. मात्र बदलाची किंमत जाणाऱ्याला मोजावी लागली, आणि ज्या वर्गांत अशी ये-जा जास्त तिथल्या न हललेल्या मुलांनाही मोजावी लागली. टेक्सास म्हणजे आपला माढा तालुका नव्हे, हे मान्य. म्हणून आपल्याकडचे उदाहरण घेऊ. आंध्र प्रदेशातील खेड्यांत कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला आणि इतरांशी तुलना केली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. खासगी शाळेतली मुले हिंदीत पुढे होती, कारण सरकारी शाळेत त्या वयाला हिंदी जवळजवळ शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळांचा दरडोई खर्च कितीतरी कमी होता, ही त्यांच्या बाजूची गोष्ट, आणि ती लपवू नये. तेलुगू माध्यमातून थेट इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेल्यांना नुकसान झाल्याची चिन्हे याच अभ्यासात होती. ती मुले प्राथमिक शाळेतली. आठवीत इतिहास-भूगोल पहिल्यांदा इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलाला हे सोपे जाईल, असे समजायला मला तरी आधार दिसत नाही. इंग्रजी हवी असेल तर गणित-विज्ञानापुरते सेमी इंग्रजी हा मधला मार्ग आपल्याकडे रुळलेला आहे.

मुळात आठवीत जे दुखणे दिसते ते आठवीचे नसते. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या "असर"च्या 2023 च्या अहवालात 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमत नव्हते. हा खड्डा तिसरी-चौथीत पडलेला असतो आणि तो मुलाबरोबर पुण्यालाही जातो. तिथल्या वर्गातले सर बीजगणित थांबवून अपूर्णांक शिकवायला बसणार नाहीत. उलट गावातल्या ज्या बाईंनी त्याला पाचवीत पाहिले त्यांना नेमके काय राहिले ते माहीत असते. त्यांना कोणी विचारत नाही, हा भाग निराळा.

चांगले शिक्षण पत्त्यावर अवलंबून नसते, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार ज्यांना मिळाला ते रणजितसिंह डिसले याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक. असा शिक्षक प्रत्येक गावाला मिळत नाही हे खरे, पण तो शहरातच मिळतो हे तर मुळीच खरे नाही.

मग बदल कधी? आपल्या व्यवस्थेत दोन सांधे आधीच आहेत. एक चौथी किंवा सातवीनंतर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हायस्कुलात जाताना. दुसरा दहावीनंतर, अकरावीला. अकरावीत बहुतेकांना नवे वर्ग, नवे शिक्षक मिळतातच. 2025-26 पासून तर तो प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. म्हणजे नववीत हलवलेले मूल तीन वर्षांत दोनदा नवखे होते, आणि पहिल्यांदा नवखे होते ते बोर्डाच्या ऐन तोंडावर. त्यात दिवाळीला घरी आलेले पोर परत जायला तयार झाले नाही, तर तिसरी वेळ.

पैशाचीही एक बाब आहे, आणि ती बापांना फार उशिरा कळते. आठवीत घेतल्या जाणाऱ्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अट अशी, की शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. शिष्यवृत्ती लागलेले मूल विनाअनुदानित इंग्रजी शाळेत किंवा खासगी निवासी शाळेत घातले, की ती गेली.

आता गावाची बाजू. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये मांडले, की संस्था घसरू लागली की तिथली माणसे एक तर निघून जातात किंवा आवाज उठवतात, आणि जे आधी निघून जातात तेच आवाज उठवू शकणारे असतात. सार्वजनिक शाळा हे त्याचेच एक उदाहरण होते. आपल्याकडे याला एक सरकारी पेच जोडलेला आहे. अनुदानित शाळेतली शिक्षकपदे संचमान्यतेत पटावर ठरतात. तुकडीतली मुले बाहेर गेली, की पद कमी होते, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि विज्ञानाचा तास मग ज्याला वेळ असेल तो घेतो. पुढच्या वर्षी लोक म्हणतात, "बघा, शाळा पडली."

अर्थात गावच्या पटासाठी कोणी आपल्या मुलाचा बळी द्यावा, असे मी म्हणत नाही. गणिताचे पद वर्षभर रिकामे आहे, मुलाला मारहाण होते, त्याच्या जातीवरून कोणी डिवचते, मुलाला एखाद्या खेळात खरी गती आहे आणि त्याचे मैदान दुसरीकडे आहे, अशा वेळी एक दिवसही थांबू नये. मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरच्या नवोदय विद्यालयात नववीच्या रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते. मुलाला स्वतःला जायचे असेल तर ती जरूर द्यावी. ही नवोदये नववीत काही मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात. तो बदल उपयोगी पडतो, कारण तो कशासाठी हे ठरलेले असते आणि मूल ज्यांच्याबरोबर राहत आले तेच सोबती बरोबर असतात. "सगळे जातात म्हणून" या बदलात यातले काहीच नसते.

शेवटचा मुद्दा या चर्चेत कोणी काढत नाही. बाहेर टाकायचे ते बहुतेक पोराला. पोरीला नाही. तिच्यासाठी तीच गावची शाळा अचानक "चांगली आहे की, घराजवळ आहे" होते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तरीही शेजारच्या गावच्या शाळेचा विषय निघत नाही. शाळा बदलल्याने खरेच भले होते असा ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी तो आपल्या मुलीच्या बाबतीत का वापरला नाही, हे एकदा सांगावे. आणि ती मुलगी त्याच शाळेतून, त्याच शिक्षकांच्या हाताखाली चांगल्या गुणांनी दहावी झाली, तर भावाच्या वसतिगृहाची फी नेमकी कशासाठी भरली, हेही तिच्या बापाला एकदा विचारावे.