उपकारी सांथ

सांथ हा शब्द कानीं पडला कीं मनुष्य आधीं दाराला कडी घालतो. परंतु १९९९ सालीं जपानांत एक अशी सांथ निघाली, कीं ती आपल्याकडे यावी म्हणून लोक वाट पाहत बसले. अर्थात् ती व्हिडिओ गेममधली.

सातोशी ताजिरी यांना लहानपणीं किडे गोळा करण्याचा छंद होता. त्या छंदांतून ‘पोकेमॉन’ हा खेळ जन्मला व १९९६ सालीं विक्रीस आला. चित्रविचित्र कल्पित प्राणी पकडावे, त्यांना झुंजवून तयार करावें, आणि दोन यंत्रें तारेनें जोडून मित्राशीं त्यांची अदलाबदल करावी, असें त्याचें स्वरूप. २१ नोव्हेंबर १९९९ रोजीं ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ हे पुढचे भाग निघाले. त्यांत ‘पोकेरस’ नांवाचा एक विषाणु दडलेला होता.

झुंजीनंतर तो एखाद्या प्राण्याला जडण्याचा संभव ६५,५३६ मध्यें अवघा ३. जडलाच, तर शुश्रूषागृहांतील परिचारिका सूक्ष्म जीव चिकटल्याचें सांगे, आणि नवखा खेळाडू दचके. वास्तविक या रोगानें प्राण्याची शक्ति घटत नसे. उलट प्रत्येक झुंजींतून अंगीं मुरणारा सराव दुप्पट होई. बरोबरच्या सहा प्राण्यांत जो शेजारीं असेल, त्यालाहि तो लागे. अशी लागण शाळेंत पसरती, तर कोणत्या मास्तरानें सुटी दिली असती?

खरी मेख पुढेंच आहे. एक ते चार दिवसांत रोग बरा होई. दुपटीचा लाभ त्या प्राण्यापाशीं कायम राही, पण दुसऱ्याला देण्याचें सामर्थ्य सरे, आणि पुन्हा तो रोग त्याला होत नसे. यंत्रांतल्या घड्याळांत मध्यरात्र उलटली कीं एक दिवस कमी. लाभ घेऊन स्वस्थ बसणाऱ्याच्या घरीं सांथ विझून जाई. जाणत्यांनीं यावर युक्ति काढली. प्राणी सांठविण्याच्या पेटींत हे दिवस मोजले जात नसत. म्हणून एक रोगी प्राणी तेथें राखावा, व त्याच्यापासून लागण झालेला दुसरा मुदतींत मित्राला द्यावा.

देवीच्या लशीचीहि एके काळीं हीच स्थिति होती. एका मुलाच्या हातावरची लस दुसऱ्याच्या हातावर वेळेवर टोचली, तरच ती जिवंत राही. बगदाद व बसऱ्याच्या वाटेनें ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या हातावरून ती इतर मुलांना मिळाली. त्या मुलीचें संरक्षण झालें तें झालेंच. पण तिच्या हातावरचा फोड सुकण्यापूर्वीं दुसरा हात पुढें येणें अवश्य होतें.

२०२२ सालच्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’ या भागांत पोकेरस ठेवलेला नाहीं. जुन्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ची सारी नोंद एका बारीक बॅटरीवर टिकून असते, ती संपली कीं पेटी, प्राणी आणि रोग एकदमच नाहींसे होतात.